न झालेल्या अपघातांचा डबा

सुपडू आबांकडे एक पत्र्याचा डबा होता. कधी काळी बिस्किटांचा असावा. झाकणावरचं चित्र घासून घासून नुसता निळा रंग उरला होता. आमच्या विमानशाळेत नवा मुलगा आला की आबा पहिल्या दिवशी त्याला विमानाला हात लावू देत नसत. शेडच्या सावलीत गोणपाट टाकून त्याला बसवत, डबा पुढ्यात सरकवत आणि म्हणत, "काढ एक."

मुलगा हात घाली. कागदाची पुडी निघे. उलगडली की आत पेन्सिलीचं थोटूक.

"काय आहे?"

"पेन्सिल."

"पेन्सिल तुह्या घरी. हा अपघात आहे, बावा. झाला नाही म्हणून तुले पेन्सिल दिसू राह्यली. विमान वळवायच्या पायाखालच्या दांडीत अडकली होती. कोणी पाह्यलं नसतं तर..."

पुढचं वाक्य आबा कधी पुरं करत नसत. पुडीवर नाव असे, ते मोठ्यानं वाचायला लावत. ज्याच्या हातून ती चूक झाली, आणि ज्यानं ती स्वतः येऊन सांगितली, त्याचं नाव.

एका पुडीवर मात्र पुष्कळ वर्षं नाव नव्हतं. आत कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा एक दाणा. त्या कोऱ्या जागेवर जायचं नाव माझं होतं. मी मुळात फारसा बोलणारा माणूस नाही, आणि या बाबतीत तर दातखीळ बसल्यासारखा राहिलो. आता सांगतो. पण माझं सांगण्याआधी आबा सांगायला हवेत, कारण ही गोष्ट त्यांची आहे. मी तिच्यात फक्त एक दाणा टाकला.

जळगावच्या बाहेर कापसाच्या शेतांना लागून मुरूम टाकलेलं एक मैदान होतं. एका जिनिंगवाल्या शेटजींनी हौसेनं शाळा काढली होती. दोन विमानं: लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये खांब आणि ताणलेल्या तारा, आणि उघड्यावर दोन बैठका, एकीमागे एक. शिकवायला एक पारशी कप्तानसाहेब. यंत्राचं सगळं सुपडू आबांकडे. आणि विमान किती वाजता वर गेलं, कोण घेऊन गेलं, त्याआधी कोणी तपासलं, हे वहीत लिहिणारा कारकून मी. धुळ्याहून आलो होतो. बायको होती, पाच वर्षांचा मुलगा होता, आणि नोकरी नवी होती.

आबा सावद्याचे. घरी केळीचा मळा, पण भावाच्या हवाली करून हे लहानपणीच भुसावळला रेल्वेत शिरले. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याच्या चाकांवर ठोकत जायचं, हे त्यांचं काम. चाक धड असलं की घणघणतं, तडा असला की थाप मारल्यासारखं बद्द वाजतं. वीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं. एकदा कप्तानसाहेब पहिल्या वर्गानं कलकत्त्याकडे निघाले होते, तर आबांनी त्यांच्याच डब्याचं एक चाक नापास केलं. गार्ड ओरडला, स्टेशनमास्तर ओरडले, खुद्द कप्तानसाहेब खाली उतरून ओरडले. चाक वरून चकचकीत, कुठं रेघ नाही. आबा म्हणाले, "साहेब, दिसायले बरं आहे. वाजायले बरं नाही." डबा काढला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चाक पुसून खडू चोळला, तेव्हा केसाएवढी चीर दिसली. कप्तानसाहेब कलकत्त्याहून परतताना मुद्दाम भुसावळला उतरले आणि म्हणाले, "सुपडू, साला तू माझ्या विमानावर चल."

आबांनी विचारलं म्हणे, "विमानाले किती चाकं?"

"दोन."

"मग उरलेलं काय ऐकू?"

ते त्यांनी पुढं शोधून काढलं.

बुटके, काळे, डोक्यावर मळकी टोपी, आणि उजवा कान नेहमी किंचित पुढं काढलेला, जणू कोणी तरी आत्ताच काही म्हणालं आणि ते अर्धवट ऐकू आलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. खाली पाहत आणि ऐकत. त्यामुळं त्यांच्याशी खोटं बोलायला सोपं वाटे. मला वाटलं.

मैदानावर त्यांचे कायदे होते. पंखा हातानं फिरवून यंत्र सुरू करावं लागे. तिथं खांद्यावर उपरणं, लोंबता सदरा, कमरेला सुटा पदर चालत नसे. पेट्रोल कातड्यातून गाळायचं आणि काचेच्या बाटलीत घेऊन उन्हाकडे धरायचं. तळाशी पाण्याचा एक मणी दिसला तरी सगळा पिंप परत. पोरं कुरकुरत. "आबा, एवढ्याशा पाण्यानं काय होतं?" तर आबा म्हणत, "काही नाई. यंत्र एक उचकी देतं. तू तव्हा झाडाच्या शेंड्यावर असतोस, एवढंच."

विमान चढताना यंत्र बंद पडलं तर माणसाचा जीव मागं वळायला ओढतो. मैदान मागं असतं ना. वळायला जातो, वेग तुटतो, आणि विमान दगडासारखं येतं. आबांनी यावर उपाय काढला होता. प्रत्येक नव्या मुलाला ते मैदानाच्या टोकापलीकडच्या कापसाच्या शेतात पायी न्यायचे. ढेकळांतून, काट्यांतून, बांधावरून. "हे पाह्य. हा बांध आहे, ही विहीर आहे, आणि ही मोकळी जागा आहे. यंत्र गेलं की अठी यायचं. मांघं पाह्यचं नाई. मांघं तुह्यं काही ठेवलेलं नाही." शेताचा मालक बांधावर येऊन विचारी, "आबा, आज किती पडणार माझ्या पऱ्हाटीत?" आबा म्हणत, "बी पेरून ठेवलं. उगवू नाई म्हणजे झालं."

आणि एक रोग होता तो आपल्याच मुलखाचा. मुलगा एकटा उडायला लागला की त्याला स्वतःच्या गावावरून जायचं असे. फैजपूरकडचा एक जण असा गेला. खाली मळ्यात बाप उभा, काका उभे, आई ओसरीतून पदर सावरत बाहेर आलेली. हा खाली खाली आला, त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागला. परत आला तेव्हा चाकांच्या दांडीत केळीच्या पानाची हातभर पट्टी अडकलेली होती. पोरगा खूश. "आबा, वडलांनी ओळखलं मले!"

आबांनी पट्टी सोडवली. "खाली पाह्यत होतास का?"

"हो."

"मान जिकडं वळते, हात तिकडं वळतो. नाक वर जातं. तुले कळत नाही, कारण तू बापाकडं पाहू राह्यला. बाप वरतं पाहू राह्यला. त्याले काय दाखवणार होतास तू?"

पोराचा चेहरा उतरला. संध्याकाळी तो आपण होऊन आबांकडे गेला आणि म्हणाला, "चुकलो. पान डब्यात ठेवा. माझं नाव लिहा." आबांनी नाव लिहिलं आणि आतून दोन केळी आणून त्याच्या हातावर ठेवली. सावद्याहून त्यांच्या घरची केळी घडाघडानं येत. चूक स्वतः सांगेल त्याला दोन केळी, हा त्यांचा आणखी एक कायदा. शिवी नाही, दंड नाही, कप्तानसाहेबांकडे तक्रार नाही. फक्त सांगायला स्वतःच्या पायानं यायचं. मी एकदा विचारलं, "आबा, चुकीला बक्षीस देता?" ते म्हणाले, "चुकीले नाई. यंत्रानं होतात ते अपघात थोडे. दडवल्यानं होतात ते जास्त."

हे मी ऐकलं होतं. माझ्याच कानांनी.

आता तारांचं. विमान यंत्र मंद करून खाली उतरू लागलं की पंखांमधल्या तारा वाऱ्यानं वाजतात. आबा मैदानाच्या कडेला बसून ते ऐकत. वर्षभरात त्यांनी तीन आवाज वेगळे काढले. जास्त वेग असला की 'शीळ'. उतरायला हवा तेवढा असला की 'जातं', म्हणजे घरात पहाटे रिकामं जातं फिरावं तसा घुमारा. आणि वेग तुटायला आला की तारा 'गप्प'. बसल्या जागेवरून ते सांगत, "शीळ आहे, फार जोरात येऊ राह्यला... आता जातं... हां, जातं." आणि कप्तानसाहेब उतरल्यावर विचारलं की वेग तसाच निघे. हळूहळू आबांनी पोरांच्या मागं लकडा लावला: सुईकडं कमी पाहा, तारा ऐका. सुई म्हणजे वेग दाखवणारा काटा. पंखाच्या खांबावर पुढं तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरतो आणि काटा हलतो. "काटा नयीतून बोलतो," आबा म्हणत. "नयी बुजली की मुका. तारा कोणी बुजवू शकत नाही." कप्तानसाहेब हसत, पण शिकवू देत.

या सगळ्यात सगळ्यांत पक्का शिष्य निघाला भटू पाटील. आमच्या धुळ्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, अस्सल अहिराणी बोलणारा. आबांची बोली वेगळी, त्याची वेगळी. दोघं एकमेकांची नक्कल करून पोट धरून हसत.

तर दसऱ्याचा दिवस. आदल्या दिवशी खंडेनवमीला आबांनी रीतीप्रमाणं हत्यारं मांडून पूजली. पाने, पक्कड, करवत आणि सगळ्यांच्या मधोमध ती भुसावळची हातोडी. पण विमानाला फूल वाहायला त्यांची सक्त मनाई. "हत्याराची पूजा करा. विमानाले हात जोडा, हात लावू नका."

दसऱ्याला भटूचं एकट्याचं उड्डाण होतं. "आबा, आज सीमोल्लंघन आकाशमा!" म्हणून तो सकाळपासून नाचत होता. आबांनी उजाडताच विमान तपासलं, वहीत सही केली आणि गावात देवदर्शनाला गेले. तेवढ्यात शेटजींच्या आई आल्या. अक्का म्हणत त्यांना सगळे. बरोबर चांदीचं ताट, झेंडू, आपट्याची पानं, कुंकू, अक्षता. म्हणाल्या, "दसऱ्याचं वाहन पूजल्याशिवाय हलवायचं नसतं. तुम्ही करता ना?" खुद्द मालकाच्या आईनं मला सांगितलं, याचाच मला फुगारा आला. मी ताट घेतलं. पंख्याला कुंकू, चाकांना कुंकू, झेंडूची माळ. खांबावरच्या नळीकडे बोट करून अक्का म्हणाल्या, "आणि हे नाक आहे वाटतं? नाक कोरडं नका ठेवू." मी ओलं कुंकू लावलं, त्यावर अक्षता दाबल्या. अक्का संतोषानं गेल्या. मी घाईघाईनं सगळं उतरवलं, फडक्यानं पुसलं. वरून डाग राहिला नाही.

आबा आले. टोपी सारखी करत खाली पाहत विचारलं, "विमानाले हात लावला का कोणी?"

आता 'अक्कांनी सांगितलं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोन केळी मिळाली असती. पण मी वही लिहिणारा, कायदा माहीत असलेला. मी म्हणालो, "नाही आबा. लांबूनच ओवाळलं."

भटू वर गेला. मैदानाच्या कडेला दसऱ्याची माणसं जमली होती, डफ वाजत होता. ठरल्याप्रमाणं एक फेरी मारून त्यानं उतरायचं होतं. एक फेरी झाली, तो उतरला नाही. दुसरी सुरू झाली. कप्तानसाहेब घड्याळ पाहू लागले. मैदानावरून तो सरळ गेला तेव्हा आबा एकदम उठून उभे राहिले.

"टोपी पाहा त्याची!"

चामड्याच्या टोपीची कानावरची एक पट्टी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

"कान उघडला त्यानं. तारा ऐकू राह्यला," आबा म्हणाले. "काटा मेला."

मला अक्कांचे शब्द आठवले. नाक कोरडं नका ठेवू.

काटा शून्यावर असला म्हणजे शिकाऊ माणसाला वाटतं आपला वेगच नाही. तो घाबरून नाक खाली खुपसतो, किंवा विश्वास सुटून वर ओढतो. दोन्हींत शेवट एकच. आबा डफवाल्याकडे धावले. "बंद कर!"

"त्याले वरतं ऐकू जातं का, आबा?"

"त्याले नाई, मले ऐकायचंय!"

डफ थांबला. सगळी माणसं गप्प झाली. भटूनं लांबून वळून यंत्र मंद केलं आणि खाली येऊ लागला. आबा कान पुढं करून उभे होते आणि पुटपुटत होते. "शीळ... शीळ... कमी कर, बावा... हां. जातं. राहू दे. राहू दे तसंच. पाहू नको त्या मेल्याकडं." विमान कापसाच्या शेंड्यांवरून आलं. मलाही ऐकू आलं. जातंच फिरत होतं. मग कुंपणावरून आत आल्यावर तो घुमारा हळूहळू विरला, तारा गप्प झाल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी चाकं मुरमाला टेकली. एकही उसळी नाही.

असा जल्लोष त्या मैदानानं आधी ऐकला नव्हता. भटू उडी मारून खाली आला, एक कान उघडा, डोळे पाण्यानं भरलेले. "आबा! सुई मरेल शे, पण बठ्ठं ऐकू उनं! सगळं, बठ्ठं!" आबांनी त्याच्या हातात आधी आपट्याचं पान दिलं, मग मिठी मारली.

मग ते बारीक तार घेऊन नळीशी गेले. हलकेच कोरून त्यांनी तळहातावर काही तरी काढलं आणि सगळ्यांपुढं हात धरला. लाल दाणा.

"कोणाचा?"

कुंकू लावताना पाहिलेलं तिथं कोणी नव्हतं. अक्का घरी गेल्या होत्या. पोरं सकाळी नदीवर होती.

"केळी घरात आहेत," आबा म्हणाले.

मी वही छातीशी धरून उभा होतो.

चौकशीला वरून एक गोरा अधिकारी आला. शांत माणूस, पण कागदाचा पक्का. तपासल्याची सही आबांची, नळीत दाणा. म्हणजे तपासणी झालीच नाही. आबांना काढावं, असं त्याचं मत पहिल्या तासातच झालं. मला बोलावलं. कप्तानसाहेब मधे भाषांतर करून सांगत होते. तपासणीनंतर विमानाला कोणी हात लावला? मी म्हणालो, "नाही." आबा भिंतीशी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं आणि ऐकलं. मग म्हणाले, "पाहणी माझी होती, साहेब. दुसऱ्याचं कोणाचं नाव मजजवळ नाही."

पंचवीस वर्षं होत आली होती त्यांच्या कामाला, आणि त्यांच्या कागदावर लाल शाईची एक ओळ नव्हती. याचा त्यांना केवढा अभिमान होता, हे मी जाणत होतो.

अधिकाऱ्याला एकच गोष्ट खटकत होती. पोरगा वाचला कसा? भटूनं सांगितलं. अधिकारी हसला. आवाजावरून वेग? कप्तानसाहेबांना राग आला, म्हणाले, "मग घेऊन जा त्याला वर!"

आबा तोवर एकदाही विमानात बसले नव्हते. "माझं काम जमिनीवर," म्हणत. त्या दिवशी त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, देवळात शिरावं तसे अनवाणी पुढच्या बैठकीत चढले. चामड्याची टोपी घालेनात. त्यांच्या समोरच्या काट्यावर कागद चिकटवला. ठरलं असं: अधिकारी यंत्र मंद करून वेग बदलत राहील, शीळ असली की आबांनी तीन बोटं वर करायची, जातं असलं की दोन, गप्प व्हायला आलं की एक. मागच्या बैठकीत अधिकाऱ्याचा काटा उघडा.

आम्ही खालून पाहत होतो. विमान वर जाई, यंत्र मंदावे, आणि आबांचा हात बाहेर येई. बोटं मोजायला मागं अधिकारी होता. तीन. दोन. तीन. दोन. मग अधिकाऱ्यानं लबाडी केली. नाक इतकं हळू उचललं की माणसाला कळू नये. आबांचं एक बोट टपकन वर आलं. नंतर अधिकाऱ्यानंच सांगितलं: बोट आधी आलं, काटा मागून पडला.

उतरल्यावर तो काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "साहेबाले सांगा, डाव्या अंगाची पुढून दुसरी तार ढिली आहे. जातं मधूनच खरखरतं."

अधिकाऱ्यानं स्वतः पाना घेतला. तार पाव फेरा ढिली निघाली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. एवढंच केलं, पण भटूला तेवढं पुरे होतं. पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं, चपला तशाच राहिल्या, डफवाला कुठून उगवला कोण जाणे. "अरे पाडाल मले!" आबा ओरडत होते, "विमानातून नाई पडलो, तुमच्यावरून पडीन!" दोन घड केळी मैदानात वाटली. त्या दिवसापासून शाळेत नियम झाला: काट्यावर कागद लावून, तारा ऐकून उतरून दाखवल्याशिवाय कोणी एकटा उडायचा नाही. तिथून पुढं शाळा चालली तोवर वेग तुटून एकही विमान पडलं नाही. यापेक्षा मोठा विजय मी पाहिला नाही.

आणि त्या विजयाच्या पाठीमागं मी लपलो. दाण्याचं पुन्हा कोणी विचारलं नाही. आबांची नोकरी राहिली, म्हणजे झालंच ना, असं मी स्वतःला समजावलं. फक्त त्यांच्या कागदावर 'तपासणीत हयगय' ही ओळ पडली. लाल शाईत. नक्कल वहीत उतरवायचं काम माझं होतं. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली.

पुढं लढाई आली, शाळा बंद झाली, आबा सावद्याला गेले, मी धुळ्याला कचेरीत लागलो. मुलगा मोठा झाला. यंदा त्याचं विमान शिकायला जायचं ठरलं. एके दिवशी जेवताना त्यानं विचारलं, "नाना, तुम्ही तर तिथं होतात. लहान विमानं पडतात कशानं?" मी सांगू लागलो. पेट्रोलमधलं पाणी, मागं वळण्याचा मोह, गावावरून घिरट्या, पायाखाली अडकलेली पेन्सिल. सगळं सांगितलं आणि घास हातात राहिला. मुलगा म्हणाला, "बस, एवढंच?"

दुसऱ्या दिवशी मी सावद्याची वाट धरली.

आबा मळ्यात होते. पार वाळले होते, पण कान तसाच पुढं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगवलं नसतं. अक्का, ताट, नळी, फडकं, आणि 'लांबूनच ओवाळलं'. चौकशीतलं 'नाही'. वहीतली ती सुवाच्य ओळ. सगळं.

आबा खाली पाहत ऐकत होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"संशय होता."

"मग बोलला नाहीत?"

"संशयावर मी चाक काढत नाई, बावा. वाजावं लागतं. तू वाजलाच नाई इतकी वर्षं." मग म्हणाले, "लाल ओळ लागली मले. खोटं नाई सांगत. लई लागली."

मी मान खाली घातली. त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं.

ते खोपटात गेले, निळा डबा घेऊन आले. दाण्याची पुडी काढली, पेन्सिल दिली. ती थोटकी पेन्सिलच, डब्यातली. "लिही नाव. सगळं लिही, बापाच्या नावासकट. आणि मले सांगून काय उपयोग? मी आता काय उडू राह्यलो? पोरं शिकू राह्यले, त्यांले सांग. तुह्या पोराले आधी." म्हणून हे लिहितो आहे. मुलाला सांगून झालं आहे.

मी नाव लिहिलं. आबांनी घडातून दोन केळी तोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "उशिरा आलास म्हणून कमी नाई देत."

निघालो, बांधापर्यंत आलो, तेवढ्यात वरून घुमारा ऐकू आला. भटू आता टपालाचं मोठं विमान चालवतो, आणि आठवड्यातून एकदा त्याची वाट सावद्यावरून जाते, हे मला आबांनीच सांगितलं होतं. मागं वळून पाहिलं. आबा केळींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे होते, टोपी हातात, कान वर. इथं त्याचा गुरू उभा आहे, आता तो खाली येणार, घिरटी घालणार, कोण मोह आवरेल?

विमान उंचावरून, सरळ, एका रेषेत गेलं. तसूभरही खाली आलं नाही, वळलं नाही. दिसेनासं होईपर्यंत आबा ऐकत राहिले. मग टोपी उंच धरून त्यांनी लहान पोरासारखी मला हाक मारली:

"पाह्यलं का? खाली नाही आला! माझ्यासाठीसुद्धा नाही आला!"